सुपारीले हात नसते

रामेश्वरले जायचं आमच्या लाइनीतल्या बायांनी ठरवलं, त्याले सहा वर्षं होऊन गेली होती. ठरवायले काय लागते? नळावर गुंड भरेपर्यंत ठरवायचं अन गुंड डोक्यावर चढला की विसरायचं. भिलाई टेशनाच्या मागं रेल्वेचे आठ क्वार्टर एका ओळीत होते, त्या ओळीले आम्ही लाइन म्हणत होतो. त्यातल्या तिघी माझ्या मैत्रिणी. मैत्रिणी म्हणते मी, दुसरा बरा शब्द सापडला तर मले सांगा.

पहिली अन्नपूर्णाबाई. तिचा नवरा शामराव तारबाबू, म्हणजे टेशनातला तार अन फोन त्याच्या हातात, म्हणून बाईचं नाक सिग्नलाएवढं वर. दुसरी गिरजाबाई, रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगच्या मुकादमाची बायको. तिच्या दारात म्हैस होती, अन साऱ्या जगात म्हैस तिच्याच दारात होती. तिसरी रंभा, केबिनमनची, वयानं माझ्या लेकीएवढी. अन मी वच्छला, काटेवाल्याची बायको. रुळांचा सांधा ओढून गाडी या लाइनीवरून त्या लाइनीवर घालायची, हे आमच्या ह्यांचं काम. ह्यांचं नाव मी तोंडानं घेत नाही, पण कागदावर देवीदास लिहिलं असते.

देवाचं नाव आपलं लोकांले सांगायले होतं. बाईमाणूस फिरायले जाते म्हटलं तर गाव तोंडात शेण घालते. देवाले जाते म्हटलं तर हात जोडते. खरं म्हणजे मले पूल पाहायचा होता. लोखंडाच्या कारखान्याचं बांधकाम सुरू झालं तेव्हा कुठून कुठून माणसं आमच्या टेशनावर उतरून राहिली होती. त्यात मद्राशाकडचा एक ट्रकवरचा डायव्हर होता, माझ्या दारी पाणी प्यायले यायचा. त्यानं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की आमच्याकडं समुद्रावरून गाडी जाते, दोन्ही बाजूले नुसतं पाणी, अन जहाज आलं की माणसं हातानं फिरवून फिरवून पूल उघडतात. मी जन्मभर रुळाच्या काठाले राहिली, पण पाण्यावर रूळ कसा राहते हे माझ्या डोक्यात काही शिरेना. तेव्हापासून तो पूल मनातून जाईना.

पासाची आमाले ददात नव्हती. रेल्वेच्या माणसाले दर वर्षी फुकट पास असते, त्याले अन त्याच्या बायकोले. कारखान्यातले लोक आमच्याकडं पाहून जळायचे. अन आमी काय करायचो? पास कुजवायचो. आमच्या ह्यांनी तेहतीस वर्षांत पास काढला तो तुमसरपर्यंत, अन तोही मयतीले. बासष्टच्या मार्चअखेर हे रिटायर होणार होते. त्यानंतर क्वार्टर सोडायचा अन तुमसरच्या पुढं खेड्यात जाऊन बसायचं. आमच्यासारख्याले पास नोकरी आहे तोवरच. म्हणजे हा शेवटचा. मार्चच्या आत गेली तर गेली, नाही तर पूलही नाही अन समुद्रही नाही, शेणाच्या गोवऱ्या थापायच्या.

पहिलं ह्यांलेच विचारलं. चला म्हटलं, दोघांचं नाव हाये पासावर. हे म्हणाले, काटा कोण ओढील? कारखान्याचा कोळसा येऊन राहिला, दगड येऊन राहिला, मालगाडीमागं मालगाडी. जसं काही ह्यांनी पंधरा दिवस काटा ओढला नाही तर भट्टीतलं लोखंड जागच्या जागी थिजून जाईन. ह्यांच्या जागी रिटायर झाल्यावर कोणी येणार नव्हतं का? पण असल्या माणसाशी वाद घालून काय फायदा. मी बायांकडं वळली.

साऱ्यांनी पास काढले, एकाच तारखेचे. मग गळती लागली. अन्नपूर्णाबाईचं म्हणणं असं की शामरावले दुसऱ्याच्या हातचं पचत नाही. चाळीस वर्षांचा घोडा, टेशनावरचे आठ दिवसांचे भजे खातो, त्याले काय पचत नाही? गिरजाबाईची म्हैस व्याणार होती. ती म्हैस दर वेळेस रामेश्वर ठरलं की गाभण राहायची, एवढी धार्मिक म्हैस मी दुसरी पाहिली नाही. रंभाच्या सासूनं नाही म्हटलं. रंभा भिंतीचा चुना नखानं खरवडत उभी राहिली. तिचा मले राग आला नाही, दया आली, अन दयेचाच मग राग आला.

मी एकटी जाते म्हटलं. तर साऱ्या लाइनीले हसू. नागपूरच्या पुढं जाणार नाही ही, बहिणीकडं आठ दिवस राहीन अन दुकानातला शंख घेऊन परत येईन, असं अन्नपूर्णाबाईनं नळावर सांगितलं, मी ऐकावं एवढ्या आवाजात. गिरजाबाईनं मान डोलावली.

अन याच बाया निघायच्या दिवशी सकाळी माझ्या दारात हजर. हातात एकेक सुपारी. आपल्याकडं माणूस पूजेले नसला की त्याच्या जागी सुपारी मांडतात, हे साऱ्यांले माहीत. तर बायांचं म्हणणं, आमच्या नावाची समुद्रात एक डुबकी मार अन ही सुपारी सोडून दे, म्हणजे आमचं झालं. कसं झालं? डब्यात तीन दिवस कंबर माझी मोडणार, नाकातोंडात पाणी माझ्या जाणार, अन पुण्य ह्या नळावर बसून घेणार. अन्नपूर्णाबाई तर पुढं शिकवायले लागली की सवाष्णीनं समुद्रस्नान नवऱ्यासंगं करा लागते, नवरा नसन तर त्याच्या नावाची सुपारी कमरेले खोचायची. तीही तिनंच आणली होती. आमच्या ह्यांनी ती सुपारी तिच्याकडून घेतली, माझ्या हातावर ठेवली अन ड्युटीवर गेले. टेशनावर पोचवायलेही आले नाही. रंभानं मात्र काही दिलं नाही. ती गाडीपर्यंत आली अन एवढंच म्हणाली की पाणी कसं असते ते मले येऊन सांगा.

जनाना डब्यात बसली. दुर्ग गेलं, राजनांदगाव आलं. तिथं एक निळ्या सदऱ्याचा माणूस खिडक्या पाहत आला अन म्हणाला, देवीदासची बाई हायस काय? मी व्हय म्हटलं. तो म्हणाला, बरं बरं, अन गेला. डोंगरगडले दुसरा आला. त्यानं चहा दिला अन सांगितलं की पुढं तेलंगी मुलूख लागते, भाषा समजत नाही, विचार करा. गोंदियाले तर मास्तर स्वतः आला, म्हणाला, परतीची पॅसेंजर समोरच उभी हाये, बसवून देतो. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. टेशनाटेशनाले फोन गेला होता. गाडी सुटली की पुढच्या टेशनाले कळवायचं, हे रेल्वेचं काम. माझी खबरही तशीच पुढं जाऊन राहिली होती, मालगाडीसारखी. कोणी लावला फोन? हात तारबाबूचा होता, पण सांगणारं तोंड आमच्या घरचं होतं, हे समजायले मले काही शाळा लागत नव्हती. तेहतीस वर्षांत ह्यांनी माझ्यासाठी केलेली एवढी मोठी खटपट हीच, अन ती मले अडवायले.

नागपूरले फलाटावर बहीण कौशल्या अन तिचा नवरा धोंडबा. धोंडबा लोको शेडमध्ये खलाशी. त्यानं रामराम नाही केला, सरळ माझी पेटी उचलली अन बाहेरच्या दाराकडं चालायले लागला. घरी चल, चार दिवस राहा, तुले सीताबर्डी दाखवतो. सीताबर्डी! मद्राशाची गाडी पलीकडच्या फलाटावर लागली होती. खरं सांगते, परत फिरावं वाटलं. घर आहे, बहीण आहे, गरम भात आहे, अन परत गेली तरी कोणी मारणार नाही, नुसतं हसतील. पण मले अन्नपूर्णाबाईचं तोंड दिसलं.

"धोंडबा," मी म्हटलं, "पेटी पाहिजे असन तर ठेवून घे. पास माझ्या पोलक्यात हाये."

अन गाठोडं घेऊन फलाटावरचा पूल चढली, गाडीत जाऊन बसली. धोंडबा तिथंच पेटी धरून उभा, जसं काही पेटीच वच्छला हाये. शेवटी कौशल्याच धावत आली, पेटी दारातून आत ढकलली. मले वाटलं, बहीण ती बहीणच. तर गाडी हलता हलता तिनं काय केलं? पदराची गाठ सोडून माझ्या हातात सुपारी दिली. तिच्याही नावाची एक.

नागपूरच्या पुढं आमची रेल्वे संपते, दुसरी सुरू होते. तिकडं ह्यांचा फोन पोचत नव्हता. दर टेशनावर मी खिडकीत पाहत बसली की आता कोणी येईन, देवीदासची बाई म्हणून विचारीन. कोणी आलं नाही. पहिलं बरं वाटलं. मग भ्या वाटलं. मग भुकेनं दोन्हीची जागा घेतली अन मी दशम्या सोडल्या. बोलायले कोणी नव्हतं. समोरच्या बाया तेलंगीत बोलायच्या, मी मराठीत बोलायची, अन लोणचं दोघींले समजायचं.

मद्राशाले उतरून दुसऱ्या टेशनावर जा लागते, तिथून लहान लाइनीची गाडी. तेही केलं. कोणाले कागद दाखव, कोणाले पास दाखव, मी रेल्वेची हाओ हे छाती ठोकून सांग. समजो का न समजो, माणसं बोट दाखवायची. त्यात काही शौर्य नव्हतं. गिरजाबाईच्या म्हशीलेही जमलं असतं.

अन मग तो पूल आला. गाडी मुंगीच्या पावलानं चालायले लागली. कठडा नाही, भिंत नाही, खिडकीतून खाली पाहिलं की सरळ पाणी, हिरवं अन निळं, हलून राहिलेलं. डब्यातल्या बायांनी डोळे मिटून देवाचा धावा सुरू केला. मी डोळे ताणून पाहिलं. मधात पूल उघडायचं चक्र होतं, त्याच्या बाजूले एक खोली, अन खोलीपुढं खाकी सदऱ्यातला एक म्हातारा हिरवा झेंडा धरून उभा. झेंडा धरायची तीच ढब, कोपर अंगाले चिकटवून, जसं हे धरतात. मले रडू फुटलं. ते कावून फुटलं, मले आजही सांगता येत नाही. एवढ्या पाण्यावर एक माणूस झेंडा धरून उभा हाये, अन आमचा माणूस तिकडं कोळशाच्या धुरात तेच करून राहिला, अन दोघांले एकमेकाचा पत्ता नाही, असं काहीतरी मनात आलं.

रामेश्वरले पोचली. समुद्र मोठा नव्हता हो, म्हणजे लाटा नव्हत्या, आपल्या तळ्यासारखाच, पण त्याले पलीकडचा काठ नव्हता. बाया डुबक्या मारून राहिल्या होत्या. पाच पाच, सहा सहा जणी हात धरून आत जायच्या, एक दोन तीन म्हणून खाली बसायच्या, खोकत हसत वर यायच्या. नवराबायको पदराले उपरणं बांधून जायचे. मी कमरेले एक सुपारी खोचली, मुठीत तीन घेतल्या, अन पाण्यात गेली. घोट्यापर्यंत गेली. गुडघ्यापर्यंत गेली. पायाखालची वाळू सरकायले लागली.

तिथं मी थांबली. पुढं पाऊल पडेना. मले पोहता येत नाही, नदीवरही मी कोणाचा हात धरल्याशिवाय कधी उतरली नाही. मुठीतल्या सुपाऱ्या पाहिल्या. तीन अन कमरेले एक, चार माणसं संगं होती माझ्या, अन एकीलेही हात नव्हता. बाजूले गुजराती बायांची साखळी होती, त्यातली एक माझ्याकडं पाहून हसलीही. हात द्या म्हणायले दोन शब्द लागतात, खुणेनंही चालते. मले तेवढी लाज सोडवली नाही. साऱ्या लाइनीले मनातून भित्री ठरवून आली होती, आता परक्या बाईपुढं हात पसरायचा? घटकाभर तशीच उभी राहिली, लुगडं वर धरून, बगळ्यासारखी. मग परत फिरली. देवळातल्या विहिरींवर लोक बादलीनं पाणी ओततात, ते घेतलं अंगावर, ओली झाली, देवाले हात जोडले. पण समुद्रात डुबकी मारली नाही. ना कोणाच्या नावाची, ना माझ्या.

परत येताना मद्राशाच्या अलीकडं तोंडाले चव नव्हती. अडकित्ता होता संगं. अन्नपूर्णाबाईची सुपारी कातरून खाल्ली. किडकी निघाली.

लाइनीत आली तर नळावर सभाच भरली होती. नागपूरले फसली नाही हे धोंडबानं कळवलंच होतं, तेव्हा आता सूर वेगळा. अन्नपूर्णाबाईनं माझ्या पायाले हात लावला, तीर्थाहून आली म्हणून. मग लगेच विचारलं, आमच्या नावाची मारली ना? मी गिरजाबाईची सुपारी तिच्या हातावर ठेवली. कौशल्याची अजून गाठोड्यात होती.

"तुमच्या कोणाच्याही नावाची मारली नाही," मी म्हटलं. "माझी मी मारली. पाणी खारट असते, ज्याचं त्यानं प्यावं."

बायांची तोंडं पाहण्यासारखी झाली. अन्नपूर्णाबाईनं आपली सुपारी मागितली तेव्हा ती कुठं गेली तेही सांगितलं. रंभा एकटी हसली. तिले मी घरात बोलावून पाणी कसं असते ते सांगितलं, पुलाचं सांगितलं, झेंडेवाल्याचं सांगितलं. गुडघ्याचं सांगितलं नाही.

ह्यांनी काहीच विचारलं नाही. आठ दिवस विचारलं नाही. मी कमरेची सुपारी काढून देव्हाऱ्यात ठेवली, ती रोज पाहायचे. मार्च संपला. टेशनावर ह्यांच्या गळ्यात हार घातला, नारळ दिला, तारबाबूनं भाषण केलं की देवीदासच्या हातून कधी गाडी चुकली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांच्या जागी एक दुसराच जण काटा ओढून राहिला होता. मालगाडी आली, गेली. कारखान्याचा भोंगा वेळेवर झाला. हे दारात बसून पाहत होते. मले बोलायले तोंडावर किती आलं होतं म्हणून सांगू. पण त्या दिवशी नाही बोलली.

मी पेट्या बांधून राहिली होती तेव्हा ह्यांनी विचारलं की त्या पुलावर झेंडा कोण धरते? मी तरी सांगितलं नव्हतं. रंभाच्या घरून फिरत आलं असन. म्हटलं, तुमच्यासारखाच एक म्हातारा. तेवढं ऐकून हे उठले अन टेशनाकडं गेले. मले वाटलं, पाय राहवत नाही. पाणी आणायले निघाली तर पाहते काय, हे तिकिटाच्या खिडकीपुढं रांगेत उभे. तेहतीस वर्षं रेल्वेत काढली, जन्मात कधी तिकीट विचारलं नाही. पुढं कारखान्याचे मजूर, मागं कारखान्याचे मजूर. आतून बाबूनं आवाज दिला, अरे देवीदास, अंदर से आ जा. हे गेले नाही. रांगेतच राहिले.

परत आले अन म्हणाले, रामेश्वरचं तिकीट विचारून आलो. फंडाचे पैसे आले की गावी जायच्या आधी जाऊन येतो. मी म्हटलं, दोघांचं विचारलं?

"एकाचं," हे म्हणाले. "तुझं तर झालं. तुझ्या नावाची एक सुपारी दे, कमरेले खोचतो."

अन हात पुढं केला. थट्टा नव्हती हो त्यात, सरळ मनानं मागून राहिले होते. मी पानसुपारीच्या डब्याकडं गेली, झाकण काढलं, सुपारी हातात घेतली, अन तिथंच पायापासून डोक्यापर्यंत पेटली. वीस दिवसांआधी ह्याच दारात मले सुपारी देऊन मोकळे झाले, अन आता मीच सुपारी? गप राहिली तर लाइनीत माझी शान राहत होती. बोलली तर सारं उघडं पडत होतं.

"मी काही सुपारी नाही," मी म्हटलं. "दोन तिकिटं काढा."

हे म्हणाले, पण तू तर डुबकी मारून आली.

"गुडघ्यापर्यंत गेली होती. पुढं हात धरायले कोणी नव्हतं."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"अन एवढ्यावर साऱ्या लाइनीचं तोंड बंद केलं तू?"

"केलं," मी म्हटलं.

ह्यांले हसू आलं, आवाज न करता, खांदे हलवून. मग टोपी घातली अन पुन्हा टेशनाकडं निघाले. दारातून म्हणाले, रांग मोठी हाये, भात जरा उशिरा टाक. मी देव्हाऱ्यातली ह्यांच्या नावाची सुपारी उचलली, चुलीत टाकली, अन भात उशिरा टाकला.